ताट एकच, घास ज्याचा त्याचा

(एक ते तीन वर्षे वयाच्या बालकाचे रात्रीचे जेवण. येलहंका, बेंगळुरू येथे मराठी भाषक कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. घरी वाचण्यासाठी, तसेच दवाखान्यात येणाऱ्या पालकांसाठी.)



१५३७ साली बेंगळुरू वसविणाऱ्या केम्पेगौडांच्या घराण्याचे येलहंका हे मूळ ठाणे. आज रेल्वेचा चाक-कारखाना, हवाई दलाचे केंद्र, कृषी विद्यापीठ आणि भोवतालच्या असंख्य कचेऱ्या यांच्यामुळे देशभरातील कुटुंबे येथे नांदत आहेत. त्यांत आपणही आहात. आपल्या घरी वरण-भात शिजतो, शेजारच्या घरी सारू-अन्न शिजते आणि दिवसभर पाळणाघरात राहणारे आपले बाळ दोन्हींची चव घेत वाढते. हे आपले भाग्य आहे आणि त्याचा उपयोग कसा करावयाचा, ते मी पुढे सांगणार आहे.

परंतु आरंभ तक्रारीपासून करू. दवाखान्यात वजन करण्यासाठी बाळाला घेऊन आलेले बहुतेक पालक एकच वाक्य बोलतात : ‘काहीच खात नाही हो.’ वर्षभरापूर्वी जे मूल दिलेला प्रत्येक घास आनंदाने गिळत होते, ते आता ओठ घट्ट मिटते, मान फिरवते, वाटी ढकलून देते. आई थकते, आजीचा जीव खालीवर होतो आणि वडील शेवटचा उपाय म्हणून मोबाइल समोर धरतात. रोजच्या रोज रात्रीचे जेवण म्हणजे रणांगण होऊन बसते.

भूक खरोखरच कमी होते

प्रथम एक गोष्ट शांतपणे समजून घ्यावी. निरोगी बालकाचे वजन पहिल्या वर्षात जन्माच्या वेळच्या सुमारे तिप्पट होते. म्हणजे तीन किलोंचे बाळ वर्षाअखेरीस नऊ किलोंच्या आसपास पोहोचते. दुसऱ्या वर्षात मात्र सरासरी दोन ते अडीच किलोंचीच भर पडते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. याच सुमारास मूल चालू लागते, त्याला ‘नाही’ म्हणता येऊ लागते आणि अनोळखी पदार्थाविषयी त्याच्या मनात संशय उत्पन्न होतो. हा संशय साधारणतः दोन ते सहा वर्षांच्या काळात सर्वाधिक असतो. सकाळी एक अख्खी पोळी आणि रात्री केवळ चार घास, असा चढउतार या वयात स्वाभाविक आहे. म्हणून एका रात्रीचा हिशेब मांडू नये, संपूर्ण आठवड्याचा मांडावा.

एक ते तीन वर्षांच्या बालकास दिवसाला सुमारे एक हजार किलोकॅलरी ऊर्जा लागते. जेवणाच्या एका वेळेस अडीचशे मिलिलिटर मावणारी वाटी पाऊण ते एक भरून मऊ, घट्टसर अन्न पुरते. पुष्कळ घरांत बालकाला याच्या दुप्पट वाढले जाते आणि अर्धे उरले म्हणून दुःख केले जाते.

बिघाड साडेपाच वाजता होतो

आता आपल्याच घरातील एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. साडेपाच-सहाला बाळाला भूक लागते. आई-वडील अद्याप हेब्बाळच्या वाहतुकीत अडकलेले असतात. सांभाळणारी व्यक्ती प्रेमाने दोन-चार बिस्किटे आणि बाटलीभर दूध देते. साडेसातला रडू थांबावे म्हणून हातात चिवड्याची किंवा चिप्सची पुडी येते. साडेआठला आई घरी येऊन घाईघाईने कुकर लावते, नऊ वाजता ताट वाढते आणि बाळ तोंड मिटून घेते. ते हट्टी नसते. त्याचे पोट भरलेले असते आणि डोळे झोपेने जड झालेले असतात.

ही साखळी तोडणे आपल्या हाती आहे. ज्या घरी मोठी माणसे उशिरा येतात, तेथे सांभाळणाऱ्या व्यक्तीने साडेसहा ते सातच्या दरम्यान बाळाला पूर्ण जेवण द्यावे. सकाळी शिजविलेले वरण शीतकपाटात ठेवून, संध्याकाळी उकळी आणून ते वापरता येते. नंतर साडेआठला सर्वांचे ताट वाढले की बाळालाही पंगतीत बसवावे आणि त्याच्या पुढे दोन घास ठेवावेत. खाल्ले तर उत्तम, न खाल्ले तरी चिंता नाही. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचे अंतर असावे आणि त्या अंतरात पाण्याखेरीज काही देऊ नये. स्तनपान चालू असेल तर ते दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही अवश्य चालू ठेवावे, मात्र जेवणाच्या अगदी आधी दूध पाजू नये.

कोणी काय ठरवावयाचे

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८०च्या दशकात एक साधी विभागणी मांडली. काय वाढावयाचे, केव्हा वाढावयाचे आणि कोठे बसून जेवावयाचे, हे मोठ्यांनी ठरवावे. वाढलेल्यातले खावयाचे की नाही आणि किती खावयाचे, हे बालकाने ठरवावे. आपल्या घरांत नेमके उलट घडते. काय शिजावे हे दोन वर्षांचे मूल ठरवते आणि त्याच्या पोटात किती जागा आहे हे आपण ठरवितो.

‘त्याच्यावर सोपविले तर ते उपाशी राहील’, ही भीती मला ठाऊक आहे. डॉ. क्लारा डेव्हिस यांनी शिकागो येथे १५ बालकांना अनेक महिने, काहींना काही वर्षे, स्वतःचे अन्न स्वतः निवडू दिले. परिचारिकांना सक्त सूचना होती की बालकाने हात पुढे केल्याशिवाय चमचा उचलावयाचा नाही आणि आग्रह करावयाचा नाही. एकाही बालकाचा आहार दुसऱ्यासारखा नव्हता, तरीही सर्व बालके सुदृढ वाढली. १९३९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध करताना त्यांनी त्यातले मर्मही सांगितले. निवडीसाठी ठेवलेल्या ३४ पदार्थांत फळे, भाज्या, धान्ये, दूध, अंडी, मांस असे साधे अन्नच होते. साखर व मिठाई त्या यादीत नव्हती. यादी मोठ्यांची होती आणि निवड बालकांची. बिस्किटाचा डबा दिसत असेल, तर हे स्वातंत्र्य निरुपयोगी ठरते.

यात खरे काय पणाला लागले आहे

‘मोठे झाले की खाईल’ असे म्हणून स्वस्थ बसणेही योग्य नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या आपल्या देशातील ६७.१ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी बालके केवळ ११.३ टक्के होती. मेंदूची वाढ अत्यंत वेगाने होण्याचा हाच काळ आहे आणि त्याच काळात लोहाची कमतरता राहिली, तर शिकणे व लक्ष देणे यांवर तिचा परिणाम होतो.

पुष्कळ सुखवस्तू घरांत ही कमतरता दुधाच्या वाटेने येते. मूल जेवत नाही म्हणून दूध वाढविले जाते, दुधाने पोट भरते म्हणून ते आणखी जेवत नाही. गाई-म्हशीच्या दुधात लोह नगण्य असते. वर्षानंतर वरचे दूध दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा अधिक नसावे आणि ते बाटलीऐवजी पेल्यातून द्यावे. चहा-कॉफी बालकास मुळीच देऊ नये, कारण त्यांमुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही.

आहारातील वैविध्य मोजण्याची एक सोपी रीत आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी आठ अन्नगट मानले जातात : आईचे दूध, धान्ये व कंद, डाळी, कडधान्ये व तेलबिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, भोपळा, गाजर, पालेभाज्या, आंबा, पपई यांसारखी ‘अ’ जीवनसत्त्वाने समृद्ध फळे-भाज्या, आणि इतर फळे-भाज्या. दिवसभरात यांपैकी किमान पाच गट पोटात जावेत. दूध-बिस्किटांत दोनच गट भरतात. मऊ वरण-भात, त्यात कुस्करलेला लाल भोपळा, बाजूला दही आणि केळ्याचे तुकडे एवढ्यात पाच गट पूर्ण होतात, तेही फारसा जादा खर्च न करता.

एका भांड्यातून सर्वांचे जेवण

वर्षानंतर बालकाने घरचेच अन्न खावे. त्याच्यासाठी स्वतंत्र स्वयंपाक करू नये. आईचा थकवा त्याने वाढतो आणि ‘माझे अन्न वेगळे’ हे बाळ शिकते. मिरची, मसाला व जादा मीठ घालण्यापूर्वी बाळाचा वाटा काढून ठेवावा, एवढीच खबरदारी पुरे. येलहंक्याच्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांतून होणारी काही जेवणे सांगतो.

वरण-भात आणि आमटी. तुरीची किंवा मुगाची डाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवावी. बाळासाठी घोटलेले वरण, गुरगुट्या भात, एक चहाचा चमचा तूप आणि लिंबाचे चार थेंब. लिंबामुळे डाळीतील लोह अधिक शोषले जाते. उरलेल्या डाळीची गोडा मसाला व चिंच-गूळ घालून मोठ्यांसाठी आमटी करावी.

वरणफळे. काही घरांत यांना चकोल्या म्हणतात. कणकेच्या पातळ पोळीचे लहान शंकरपाळ्यांसारखे तुकडे उकळत्या आमटीत सोडावेत, त्यातच चिरलेला पालक घालावा. हे मऊ तुकडे बाळाला स्वतःच्या बोटांनी उचलता येतात. ज्या बालकाला भरविलेले आवडत नाही, ते पुष्कळदा स्वतः उचलून खाते.

रागी मुद्दे आणि बस्सारू. नाचणी महाराष्ट्रालाही परकी नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, इतके इतर कोणत्याही नेहमीच्या धान्यात नसते. येथील कृषी विद्यापीठाच्या जी.के.व्ही.के. परिसरात या व अशा लहान भरडधान्यांवर संशोधन होते. बस्सारूसाठी शेजारच्या घरी डाळ व पालेभाजी एकत्र शिजवून पाणी निथळतात. त्या पाण्याचे सारू होते आणि निथळलेल्या डाळ-भाजीचा ‘पल्य’ होतो. तिखट पडण्याआधी ती डाळ-भाजी कुस्करून, तूप लावलेल्या मुद्द्याच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्यांबरोबर बाळाला द्यावी. सकाळच्या खाण्यासाठी मोड आणलेल्या नाचणीची सरी, म्हणजे आपले नाचणीचे सत्त्व, उत्तम.

अवरेकाळू. हिवाळ्यात बेंगळुरूचे बाजार या शेंगांनी भरून जातात. दाणे भिजवून, साल दाबून काढली की त्यांस ‘हितकिद बेळे’ म्हणतात. आपल्याकडील सोललेल्या वालाच्या बिरड्याची ही सख्खी बहीण होय. साल नसल्याने ते मऊ शिजते व बाळाला सहज खाता येते. खोबरे घालून सौम्य उसळ करावी.

दुधीचे थालीपीठ. भाजणीत किसलेला दुधी किंवा गाजर मिसळून, झाकण ठेवून मऊ भाजावे. बोटभर पट्ट्या कापून दह्यात बुडवून खाऊ द्याव्यात.

भोपळ्याची मूग-खिचडी आणि कढी. थकलेल्या दिवशी एका कुकरात होणारे हे जेवण आहे. बाळाच्या वाट्यावर शेंगदाण्याचे बारीक कूट घालावे.

अंड्याची पोळी. ज्या घरी चालते तेथे पूर्ण शिजविलेले अंडे, काटे काढलेला मासा किंवा कोंबडीचा बारीक केलेला रस्सा-भात वारंवार द्यावा. शाकाहारी घरांनी डाळी, कडधान्ये, दही आणि लोहाचे औषध यांबाबत अधिक दक्ष राहावे.

दोन वर्षांपर्यंत अन्नात वरून साखर घालू नये. मीठ आयोडीनयुक्त व बेताचेच असावे.

न आवडलेल्या भाजीचे काय?

ती पुन्हा वाढावी. लीन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांबरोबर केलेल्या अभ्यासात, पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखला गेला तितका तो अधिक आवडू लागला. यासाठी दहा-पंधरा वेळाही लागू शकतात. आपण बहुधा तिसऱ्या वेळी निराश होऊन ‘याला भोपळा चालत नाही’ असा शिक्का मारतो आणि तो शिक्का मूलही ऐकते. प्रत्येक ताटात बाळाला हमखास चालणारा एक पदार्थ असावा, मग तो भात असो, दही असो वा पोळी. त्याच्या शेजारी नव्या पदार्थाचा चिमूटभर वाटा ठेवावा. त्याने तो चिवडला, हुंगला, जिभेला लावून थुंकला, तरी ती ओळखीची एक पायरी मानावी. पाळणाघरात ते काय आवडीने खाते याचीही चौकशी करावी. तेथे पंगतीत सारू-अन्न खाणारे मूल घरी वरण-भात नाकारत असेल, तर एखाद्या रात्री घरीही सारू करावे आणि सर्वांनी एकत्र बसून ते जेवावे.

जे करू नये

नाक दाबून किंवा हात धरून घास कोंबू नये. त्यात घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, शिवाय मुलाला ताटाचीच भीती बसते. बागुलबुवाची अथवा डॉक्टरांच्या सुईची धमकी देऊ नये. ‘भाजी संपविलीस तर चॉकलेट’ हा सौदाही टाळावा. त्यातून भाजी ही शिक्षा व चॉकलेट हे बक्षीस, एवढेच मूल शिकते. जेवताना मोबाइल व दूरचित्रवाणी बंद असावेत. पडद्याकडे पाहत तोंड उघडणाऱ्या बालकाला आपली भूकही कळत नाही आणि तृप्तीही.

चिऊ-काऊचे घास ही आपल्या आज्यांची सुंदर देणगी आहे, ती जपावी. मात्र पोट भरल्यावर चिऊच्या नावाने आणखी दहा घास घालू नयेत. वीस ते तीस मिनिटांनी ताट उचलावे आणि चेहऱ्यावर नाराजी आणू नये.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, कच्च्या गाजराच्या चकत्या, लाह्या व कडक गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत, त्या घशात अडकतात. मुलाने बसूनच खावे, पळताना किंवा आडवे असताना नव्हे. जेवणापूर्वी भरविणाऱ्याचे व बाळाचे हात साबणाने धुवावेत.

हा हट्ट नव्हे, हे लक्षण आहे

पुढीलपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता आरोग्य केंद्रात यावे :

• माता-बाल संरक्षण कार्डावरील वाढीची रेषा सलग दोन-तीन महिने सपाट राहणे किंवा खाली येणे.
• खाताना वारंवार ठसका, गुदमरणे, ओठ निळसर पडणे किंवा वेदनेने रडणे.
• फिकटपणा, लवकर दमणे, माती, खडू वा भिंतीचा चुना खाणे.
• वर्ष उलटूनही केवळ पातळ पदार्थच गिळणे किंवा पूर्वी खात असलेले पदार्थ एकामागून एक कायमचे सोडणे.
• दीर्घकाळ ताप, जुलाब वा उलट्या. दोन्ही पायांवर सूज.

अंगणवाडीत दंडाचा घेर मोजून घ्यावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकात तो साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास तीव्र कुपोषण समजून तत्काळ उपचार आवश्यक असतात. रक्तक्षयमुक्त भारत कार्यक्रमानुसार सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांना लोह व फोलिक ॲसिडचे एक मिलिलिटर पातळ औषध आठवड्यातून दोनदा दिले जाते. ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा नवव्या महिन्यापासून सुरू होऊन पाच वर्षांपर्यंत ठरावीक अंतराने मिळते. वर्षानंतर जंतनाशक औषधही मिळते. आशा कार्यकर्ती आपल्या दारी आल्यास तिला कार्ड दाखवावे आणि कन्नड येत नाही म्हणून संकोच करू नये. नवीन औषध किंवा भूक वाढविणारी पुडी मनाने आणून देऊ नये.

शेवटी

बाळाचे उष्टावण झाले, त्या दिवशी सारे घर भोवती बसले होते. मामाच्या किंवा आजोबांच्या मांडीवर बाळ होते आणि पहिला घास सर्वांच्या साक्षीने त्याच्या तोंडी गेला. पुढे मात्र ते भरविणे एकट्या आईच्या माथी आले आणि बाळही एकटे जेवू लागले. ती पंगत परत आणावी, एवढेच माझे मागणे आहे. वडिलांनी ताट वाढावे, आजीने गोष्ट सांगावी, आईने आपला पहिला घास गरम असताना खावा आणि त्याच सतरंजीवर बाळाने आपल्या वाटीत हात घालावा. आज ते चार घास खाईल, उद्या कदाचित दोनच. आपण ताट वेळेवर, चौरस आणि हसतमुखाने मांडत राहावे. सर्वांना जेवताना रोज पाहणारे मूल हळूहळू तेच अन्न आपले मानू लागते.